कृष्णाचं नेचं

ऑफिसात फोन आला, "ज्योत्स्ना गेली." डेंगीच्या तापात... आणि खरं सांगते, क्षणभर मला कळेचना, गेलं कोण. माझ्यासाठी ती कृष्णा होती.

क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये आमची दारं शेजारीशेजारी. पुण्याची एम.एस्सी. बॉटनी, इथे परदेशात नवऱ्याच्या, अनिलरावांच्या, नोकरीमुळे मिळणाऱ्या परवान्यावर, म्हणजे पासवर आलेली. तिच्या नोकरीचा विषय काढला की अनिलराव म्हणायचे, "काय अडलंय?" झालं, विषय संपला. दिवसभर ती आणि तो लांबलचक कॉरिडॉर. मला संताप यायचा. तिला यायचा नाही, त्याचा तर आणखीच!

एकदा खालच्या गटाराच्या भिंतीतून तिने एक नेचं, म्हणजे फर्न, उपटून आणलं आणि कुंडीत लावलं. काळा चकचकीत देठ, पानांच्या पाठीला पांढरी भुकटी. म्हणाली, "हे मूळचं अमेरिकेतलं. बागांसाठी आणलं, तिथून पळालं नि जगभर पसरलं." "बिनापासचं?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

मग सांगत बसली. शास्त्रज्ञांनी याला आधी एका गटात घातलं, पुढे दुसऱ्यात नेलं, तेव्हा लॅटिन नावातला पहिला शब्द बदलला. दुसरा मात्र तोच राहिला, कॅलोमेलॅनोस. म्हणजे सुंदर काळी. "घर बदललं तरी तो शब्द काढून घेत नाहीत गं, नियमच आहे तसा." मग त्या काळ्या देठावरून बोट फिरवत म्हणाली, "माझं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बदललं. सासूबाई म्हणाल्या, आधीच सावळी, त्यात कृष्णा कशाला! तू तरी म्हणशील मला कृष्णा?"

म्हणायचे ना. पण कॉरिडॉरमध्येच. अनिलराव घरी असले की ती डोळ्यांनी दटावायची.

तेराव्याला गुरुजींनी नाव विचारलं. अनिलराव म्हणाले, "ज्योत्स्ना." मला राहवेना. "कृष्णासुद्धा म्हणा," मी म्हटलं. ते खाली बघत म्हणाले, "आता कशाला, वहिनी? पासवरही हेच आहे." पासवर! मेल्यावरही बाईची सुटका नाही.

कुंडी त्यांनी मला देऊन टाकली. रोज पाणी घालताना मी मुद्दाम मोठ्याने म्हणते, "कृष्णे, पी गं बाई!" शेजारी ऐकू जावं म्हणूनच. परवा शेजारचं दार उघडलं. म्हटलं, या, भांडूनच घेऊ एकदाचं. अनिलराव उंबऱ्यातच उभे राहिले, दाढी वाढलेली, नजर कुंडीवर.

"मला म्हणवत नाही, वहिनी... तुम्हीच म्हणा परत."