तात्यासाहेब आमच्याकडे नाहीत!

तुमच्या गोडाऊनमध्ये काय असतं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी सांगायचे, पंखे आणि मिक्सर. आता सांगते, पंखे, मिक्सर आणि फोनचे किस्से. पंखे निदान कंटेनरमध्ये भरून रवाना तरी होतात. किस्से नुसते येतात आणि साठतात. एक सांगायला बसावं, तर तेवढ्यात दुसऱ्याची रिंग वाजते!

आमचं गोडाऊन भिवंडीजवळ अंजूरला. ऑफिसात आम्ही चौघं. मॅनेजर भोईर काका, इथल्याच गावचे. कॉम्प्युटरवर प्रज्ञा, कोन गावाहून येते. हमालांचा मुकादम रामसूरत, वीस वर्षं भिवंडीत आहे, मराठी सगळी कळते, बोलतो मात्र हिंदी. आणि मी, मनीषा, डिस्पॅचला. डिस्पॅचचा मोबाइल माझ्या टेबलावर असतो. त्याचा नंबर डिलिव्हरीच्या चलनांवर छापलाय, गेटवर रंगवलाय, शेकडो ड्रायव्हरांनी सेव्ह केलाय. हे आधीच सांगते, कारण किस्सा ऐकला की प्रत्येक जण मला अक्कल शिकवतो, "अगं, मग नंबर बदलून टाक ना!"

*

सुरुवात झाली एका मंगळवारी सकाळी. फोन उचलला तर पलीकडे एक बाई.

"तात्यासाहेब आमच्या एसटी स्टँडवर बसलेत. चहा पाजलाय. कधी येताय न्यायला?"

"कोण तात्यासाहेब?"

"घ्या! सासऱ्यांना दोन दिवसांत विसरलात?"

मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असे अकरा फोन आले. तात्यासाहेब एकाच वेळी परभणीत भजनाला बसले होते, साताऱ्यात रस्ता ओलांडत होते आणि अलिबागला मासे घेत होते!

कोडं सोडवलं प्रज्ञाच्या आईने. ती रोज संध्याकाळी एक सिरियल बघते. नाव सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी का करू? त्यात सून सासऱ्याला घराबाहेर काढते, म्हातारा हरवतो आणि मुलगा गावभर पोस्टर लावतो. "यांना कुणी पाहिल्यास कळवा." खाली फोन नंबर. कॅमेरा त्या पोस्टरवर चांगला थांबला होता म्हणे, मागे सनई लावून.

"आई म्हणाली, नंबर ओळखीचा वाटला," प्रज्ञा म्हणाली. "तुमचाच आहे."

*

काही लोक पत्ता सांगायला फोन करायचे, ते परवडले. काही भांडायला करायचे. त्यांच्या मते फोन उचलणारी बाई म्हणजे ती सूनच!

एक मावशी दहा मिनिटं थांबल्याच नाहीत. माझं माहेर काढलं, संस्कार काढले, म्हातारपणी माझं काय होणार तेही सांगितलं. त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "मावशी, ऐका तरी. हे घर नाही, गोडाऊन आहे!"

मग त्या किंचाळल्या, "अगं बाई! आता गोडाऊनमध्ये कोंडून ठेवलंस होय त्यांना?"

*

कंटाळून सिरियलवाल्यांचं ऑफिस शोधून काढलं. चार दिवसांनी एक मुलगा फोनवर सापडला. अतिशय गोड बोलला.

"सॉरी मॅडम, आर्टवाल्यांनी मनानेच आकडे टाकले. तुम्ही काळजी करू नका, पुढच्या एपिसोडला चेंज करतो."

आणि त्याने शब्द पाळला. खरंच बदलला. शेवटचा आकडा एकने वाढवला!

आता आमच्या कंपनीने सगळी सिमकार्डं एकदम घेतलेली, ओळीने नंबर. माझ्या पुढचा नंबर भोईर काकांचा. आठवडाभर ते मला हसत होते. "मनीषा, सासरा मिळाला काय गं?" म्हणून येता-जाता विचारायचे. त्या दिवशी मीटिंगमध्ये मालक समोर बसलेले असताना काकांचा फोन वाजला, तो स्पीकरवर लागला, आणि कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "लाज वाटते का रे, बायकोच्या तालावर नाचतोस ते?"

काका लाल झाले. मालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

*

काकांनी वैतागून तो फोन रविवारी घरी काकूंच्या हवाली केला. काकू त्या सिरियलच्या पक्क्या भक्त. त्यांनी काम फारच मनावर घेतलं.

"देवळात बसलंय? बरं, अंगावर काय हाय? धोतर? मग न्हाय! आमचे तात्या पायजम्यात गेलेत. नीट बघत जा न् मग फोन करा!"

सोमवारी काका वही घेऊन ऑफिसात आले. काकूंनी सतरा जणांची नावं, गावं आणि वर्णनं लिहून ठेवली होती. त्यातल्या तिघांसमोर शेरा होता, "संशय हाय. परत विचारणे."

*

जुने एपिसोड लोक मोबाइलवर बघतच होते, त्यामुळे माझेही फोन थांबले नव्हते. रामसूरतचा उपाय वेगळा होता. "मैडम, आप लोग ना बोलते हो, इसलिए फिर फोन आता है. हाँ बोलो!"

आणि त्याने फोन घ्यायला सुरुवात केली. "हाँ हाँ, मिल गए तात्यासाहब. घर पे हैं. दाल-चावल खा रहे हैं. आपका बहुत धन्यवाद."

दोन दिवस शांतता. आम्ही त्याला समोसे खाऊ घातले. तिसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन. "अहो, टीव्हीवर तर अजून सापडले नाहीत! तुम्हाला पुढचं आधी कळतं का? मग एवढंच सांगा, सून सुधारते की नाही?"

रामसूरतने डोळे मिटून विचार केला. "नहीं बहनजी. वो नहीं सुधरेगी."

महिनाभराने तो एपिसोड आला. ती खरंच सुधारली नाही! तेव्हापासून फोन उचलला की पलीकडून विचारणा होते, "ते हिंदीवाले दादा आहेत का?"

*

पुढचा किस्सा सांगताना मला अजून लाज वाटते.

दुपारची वेळ. सकाळपासून तेरा फोन झालेले. चौदावा आला. "मैडम, बुजुर्ग आदमी हूँ. रास्ता भटक गया हूँ. किसी को लेने भेज दो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता नाटकंही करायला लागले! "चाचा, सीधे पुलिस स्टेशन जाओ!" म्हणाले आणि कट केला.

तासाभराने पोलिस स्टेशनातून फोन. "मॅडम, तुमचा चाळीस फुटी कंटेनर आमच्या गेटात अडकलाय. ड्रायव्हर म्हणतो, ऑफिसच्या मॅडमनीच पाठवलं."

*

सिरियलमध्ये तात्यासाहेब एकदाचे सापडले. फोन कमी झाले, आठवड्याला एखादा. पण माझा आवाज काही खाली आला नाही. 'हॅलो'च मी भांडल्यासारखं म्हणायचे.

तर गेल्या महिन्यात एका दुपारी फोन आला. "मॅडम, इथे एक आजोबा बसलेत..."

"सापडले ते!" मी ओरडले. "सिरियलमध्ये सापडले, घरी गेले! तुम्हाला कामधंदा नाही का?"

"मॅडम, मी सिरियल बघत नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "माझी भिवंडीत कामतघरला चहाची टपरी आहे. हे सकाळपासून बसलेत. ड्युटीवर आलोय म्हणतात. ज्या लूमचं नाव सांगतात, तो कारखाना कधीच पाडला. खिशात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर फक्त तुमचा नंबर आहे."

मी भोईर काकांकडे बघितलं. काका उठले. आम्ही रिक्षा करून गेलो.

ऐंशीच्या पुढचे असतील. इस्त्रीचा शर्ट, पायात दोन वेगळ्या चपला. चिठ्ठीवर मोठ्या थरथरत्या अक्षरात माझा नंबर. काका त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "बाबा, शिफ्ट सुटली. चला." ते लगेच उठले.

गोडाऊनवर आणून त्यांना पोळी-भाजी दिली. त्यांना मुलाचं नाव आठवलं, कल्याणच्या सोसायटीचं नाव आठवलं. प्रज्ञाने नेटवरून सोसायटीच्या ऑफिसचा नंबर शोधला. दीड तासात मुलगा धावत आला, घामाने भिजलेला. सकाळपासून तो आणि त्याची बायको कल्याण पालथं घालत होते. बाबांना बघून तो दारातच खाली बसला. रडला. मग आमचे आभार मानले, आणि मग चिठ्ठी बघून चक्रावला.

"बाबा, मी तुम्हाला माझ्या नंबराचं कार्ड करून दिलंय. लॅमिनेट करून! ते कुठंय? आणि हा कुणाचा नंबर घेऊन फिरता?"

"टीव्हीवर दिला होता," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्यांना शोधणाऱ्यांचा."

"अहो, पण माझा नंबर का नाही ठेवलात?"

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी नीट टेबलावर ठेवली.

"तुझा लावला की मशीनमधली बाई सांगते, थोड्या वेळाने प्रयत्न करा. हा मी घरून दोनदा लावून बघितला." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही लई ओरडते. पण उचलते."