वाऱ्याचे जोडे

दर्जीचाचा कुणाकडून काही घेत नसत. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे कुणी सत्पुरुष उभा राहिला असेल तर त्याला आधी बाहेर घालवा. सत्पुरुष शेजाऱ्याच्या डोक्याला ताप देत नाहीत. चाचांनी मला वर्षानुवर्षं दिला, आणि तोही एका पत्र्याच्या अंतरावरून.

गडचांदूरच्या बाजारओळीत त्यांचं शिलाईचं दुकान आणि माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एकाच गाळ्यात होतं. मध्ये पत्र्याचं पार्टिशन. दुपारी गावाजवळच्या खाणीत सुरुंग उडाला की तो पत्रा थरथरायचा आणि चाचा पलीकडून ओरडायचे, "ए सौदागर, हळू ना बे!" जणू सुरुंग मीच लावला होता. आधी मला वाटायचं, म्हातारा गंमत करतो. पण गंमत करणारा माणूस कधीतरी हसतो. चाचा हसत नसत.

सौदागर हे माझं नाव नव्हे. ते त्यांनी ठेवलं, आणि त्याला कारण झाला एक खेळ. रेडिमेड कपड्यांनी शिलाईचं काम अर्ध्यावर आणलं. चाची तर आधीच गेलेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर चाचांनी दुकानात आणून मशीनशेजारी ठेवला. म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून मीच त्याच्यात तो खेळ टाकून दिला. कुऱ्हाड आपल्याच पायावर कशी मारावी, हे कुणाला शिकायचं असेल तर मला विचारा.

खेळ साधा आहे. रानात, गुहांत हिंडायचं आणि राक्षस मारायचे. राक्षस मेला की माल पडतो: तलवार, चिलखत, अंगठी, काहीही. बहुतेक सगळा कचरा. चांगली वस्तू हवी असेल तर नशिबाची वाट बघत राक्षस मारत बसा, नाहीतर शहाण्यासारखी दुसऱ्या खेळाडूंशी अदलाबदल करा. तुझी ढाल मला, माझी अंगठी तुला. सगळे हेच करतात. मी तर यात चांगलाच मुरलेलो. चाचांनी मात्र त्या बाजारात पाऊल ठेवलं नाही. "गिरा सो अपना," ते म्हणायचे. "बाकी सगळी उतरन." उतरन म्हणजे दुसऱ्याने अंगावरून काढून टाकलेले कपडे. आता राक्षसाच्या अंगावरून पडलेली वस्तू उतरन नाही आणि माझ्या हातून आलेली उतरन, हा कुठला न्याय?

हे मी त्यांना विचारलं होतं. ते गळ्याला टेप अडकवून शाळेच्या चड्ड्यांना काजं करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जिंदगीभर लोकायच्या मापानं शिवलं म्या. एक तरी चीज माझ्या मापाची भेटू दे ना बापा." याचाच मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

बरं, हा बाणा खेळापुरता असता तर चाललं असतं. ईदला त्यांच्या घरून आमच्याकडे शिरखुर्म्याचा डबा येई. आमच्या आईच्या रीतीप्रमाणे डबा रिकामा परत जात नाही. मी तो दिवाळीत चकल्या भरून नेला तर चाचांनी चकल्या माझ्याच काउंटरवर ओतल्या आणि डबा घेऊन गेले. "डब्बा खाली आनत जा," म्हणाले. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचीही हीच गत होती, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पण आई घेई. पावसाळ्यात माझ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या विसरलेल्या छत्र्या टांगलेल्या असत, आणि हा माणूस त्यांच्याखालून भिजत घरी जाई. पुढचा आठवडाभर पत्र्यापलीकडून खोकला ऐकायचा तो मी.

या बाण्याचं फळ खेळात दिसायचंच. त्यांचा गडी म्हणजे जत्रेतल्या सोंगासारखा: एका हातात बरी तलवार, अंगात फाटकं चिलखत, पायात अगदी सुरुवातीला मिळतात ते चामड्याचे जोडे. आम्ही एकत्र खेळायचो. ते त्यांच्या दुकानातून, मी माझ्या, पण पडद्यावर दोघं एकाच रानात. शेवटी एक शिंगांचा राक्षस येतो. चाचांनी त्याचं नाव ठेकेदार ठेवलं होतं, कारण सगळा चांगला माल त्याच्या मागच्या खोलीत असतो. तो आगीचे लोळ फेकतो. पळता आलं तर जगता येतं. चाचांच्या जोड्यांत पळणं होत नसे. ते दर वेळी भाजून मरायचे आणि मी एकटा त्याला मारून मोकळा व्हायचो.

त्यांना हवे होते वाऱ्याचे जोडे. ते घातले की गडी आगीच्या पुढे पळतो. खेळातली सोनेरी अक्षरांत दिसणारी जोडी ती एकच. ती आपल्याला आपल्या हातानं सापडावी आणि ती घालून ठेकेदाराला आपण मारावं, एवढं एकच त्या माणसाचं आयुष्याकडे उरलेलं मागणं होतं. त्यासाठी ते दुपारमागून दुपार राक्षस मारत बसायचे. माझ्याकडे वाऱ्याच्या जोड्यांच्या दोन जोड्या होत्या. एक माझ्या गड्याच्या पायात, दुसरी खेळातल्या माझ्या पेटीत नुसतीच पडलेली.

"घ्या ना चाचा, पडूनच हायेत," मी पत्र्यातून म्हणायचो.

"पडून राहू दे. तुह्या पेटीत पडले, माझ्यापुढं नाई पडले."

डोळ्यांचं मला कळलं ते खेळातूनच. समोरच्या राक्षसाला चाचा बरोबर टिपायचे, पण बाजूनं येणारा त्यांना दिसेनासा झाला. मी ओरडायचो, "डावीकडे पाहा!" तोवर गडी आडवा. मला वाटलं, म्हातारपण. मग शाळेने चड्ड्यांचा गठ्ठा परत पाठवला. काळ्या कापडावर निळ्या दोऱ्याची काजं. चाचा ती उसवत बसले होते, आणि उसवतानाही दोरा बोटांनी चाचपत होते. मुलगा येऊन त्यांना चंद्रपूरला घेऊन गेला. काचबिंदू निघाला. कडेचं गेलं होतं, मधलं जायचं होतं, आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधाचे थेंब मिळाले. चाचांनी येऊन मला फक्त एवढंच सांगितलं, "सौदागर, जोडे लौकर भेटले पायजे."

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. असलं काही सांगायचं आणि वर मदत घ्यायची नाही! मी ठरवलं, हा माणूस सरळ घेत नाही ना, मग याला सापडलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आम्ही गुहेत शिरलो. तिथे राक्षसांची झुंड मेली, मालाचा ढीग पडला. चाचा ढिगाच्या दुसऱ्या टोकाला असताना मी माझ्या पेटीतली जोडी त्यात टाकून दिली. खेळात सोनेरी वस्तू जमिनीवर पडली की घंटीसारखा बारीक आवाज होतो. राक्षसाच्या अंगातून पडो की माणसाच्या हातून, आवाज तोच. टिंग झालं. पलीकडे मशीनची खुर्ची करकरली.

थोड्या वेळानं चाचा स्वतः माझ्या काउंटरपुढे येऊन उभे राहिले.

"तुहे जोडे पडून हायेत तिथी. उचलून घे."

"माझे काऊन? राक्षसाचे पडले."

"राक्षसाचा माल बंद असते, सौदागर."

आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. ताजा पडलेला माल बंद असतो. सोनेरी अक्षरांत नुसतं 'जोडे' एवढंच दिसतं. खेळातच मिळणारी एक चिठ्ठी वाचली की त्याचं नाव आणि गुण उघडतात, आणि एकदा उघडलेला माल पुन्हा बंद होत नाही. माझी जोडी कधीचीच उघडलेली होती. राक्षसाच्या ढिगात ती नाव-गाव सांगत पडली होती. बाजारात मुरलेला म्हणवणारा मी, आणि एवढी साधी गोष्ट विसरलो.

"मले भीक घालतं काय बे?" चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"भीक नाई हो! तुमचे डोये चालले, अन् तुम्हाले पडलं हाये बंद अन् उघड्याचं!"

"डोये चालले म्हनूनच," ते म्हणाले आणि गेले.

मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. मी काही चोरी केली नव्हती. लोकांच्या शेतातला कापूस वेचून घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पत्रा मात्र बोलत होता. पलीकडे गडी मरतानाचा आवाज वरचेवर यायला लागला. आधी ठेकेदारापाशी मरायचा, मग गुहेच्या दारात, मग रानातल्या फुटकळ भुतांच्या हातून. किती ऐकायचं माणसानं? एके दिवशी न विचारताच मी त्यांच्या रानात शिरलो आणि पत्र्यातून ओरडलो, "डावीकडे दोघं!"

"तुले कोनं इचारलं?" पलीकडून आलं. पण गडी डावीकडे वळला.

असं ते सुरू झालं. मी माझ्या पडद्यावर बघून सांगायचो, ते मारायचे. नियम त्यांनीच घालून दिला: सांगणं चालेल, पण एकही वार माझा नको आणि उचलणं त्यांच्याच हातानं. बाजारातली माणसं मला वेडा समजायला लागली. दिवसभर पत्र्याकडे तोंड करून "मागं सरका, आता हाना, अबे मागं!" असं ओरडणारा दुकानदार तुम्ही तरी कुठे पाहिला असेल? शिव्या देत, शिव्या खात आम्ही खेळलो. पडदा त्यांना धुक्यासारखा दिसत होता. अक्षर तर काहीच नाही.

मुलगा त्यांना पुण्याला न्यायला येणार होता त्याच्या आदल्या दुपारी आम्ही गुहेत होतो. चाचांनी एक थोराड राक्षस पाडला आणि टिंग झालं.

माझ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं होती. जोडे. नुसतं जोडे. मी खुर्चीतून उठलोच.

"चाचा! पडले! जोडे पडले!"

पलीकडे माऊसची टिकटिक थांबली.

"उघडे का बंद?"

"बंद! बंद हायेत चाचा, आईची आन!"

"आईले मधात नोको आनू."

मी धावत त्यांच्या दुकानात गेलो. चाचांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. तोंड पडद्याकडेच होतं. मी म्हटलं, बाजूच्या हॉटेलवाल्याले बोलावतो, तो वाचून दाखवन. ते म्हणाले, "तो बी तुह्यासारखाच. आंधळ्यावर दया करन." मी हातापाया पडलो. मी ओरडलो. म्हटलं, नुसतं बोट दाबा, इथीच हायेत, तुमच्या गड्याच्या पायापाशी. त्यांनी हात चाचपत नेला तो भिंतीवरच्या बटणाकडे. पडदा काळा झाला.

"चांगला खेळलास, सौदागर," ते म्हणाले. "आवाज अगदी खरा काढला."

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसून गेले. शिलाई मशीन विकलं, कॉम्प्युटर भंगारात गेला. मी निरोप द्यायला बाहेर आलो नाही. शटर अर्धं ओढून आत बसलो होतो, रडत होतो म्हणा हवं तर.

जोडे मात्र माझ्या पडद्यावर त्या दुपारी तसेच पडून होते. खेळ बंद केला की जमिनीवरचा माल नाहीसा होतो, म्हणून मी ते उचलून माझ्या पेटीत ठेवले. पुढे काही महिन्यांनी मुलाच्या फोनवरून चाचांशी बोलणं झालं. मी म्हटलं, चाचा, ते जोडे अजून बंद हायेत. मी चिठ्ठी वाचली नाई. तुमच्या पोराले इथी आनून दाखवतो. ते म्हणाले, "उचलले कोनं?"

"मी."

"मंग तुहे झाले. घाल," आणि फोन ठेवला.

असा हा माणूस. त्यांनी माझं ऐकलं असतं तर ठेकेदार त्याच दुपारी मेला असता, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. मी त्यांना माफ केलेलं नाही. पत्र्यापलीकडे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पोरगा मुकाट असतो. बाजारात त्या जोड्यांसाठी मला कोणकोण विचारतं, पण ते मी कुणाला देत नाही, घालत नाही आणि उघडतही नाही. दुपारी सुरुंग उडतो, पत्रा थरथरतो आणि पलीकडून मला कुणी हळू म्हणत नाही. मग मी पेटी उघडून बघतो. जोडे तिथेच असतात, बंद.