मामांच्या खिडकीतल्या बाटल्या

माझ्या बायकोचे मामा माणसांपेक्षा त्यांच्या बाटल्यांनाच जास्त ओळखत, हे मी शपथेवर सांगेन. अकोल्यात हे डॉक्टर लघवी तपासत. रस्त्यात रोगी भेटला तर परक्यासारखे निघून जात. पण खिडकीत उन्हानं पेटलेल्या पिवळ्या बाटल्यांशी तासन्‌तास बोलत. "काय दर्यापूर, आज चूप कावून?" असं एखादीला इतक्या गंभीरपणे विचारत, की आता आतून उत्तर येणार असं वाटे आणि बाहेर बाकावरच्या दर्यापूरकराला घाम फुटे. सगळं ठीक असलं की रोग्याला शिव्या मिळत. वाईट दिसलं की मामांचा आवाज मऊ होई. त्या मऊ आवाजाला लोक टरकत.

साठ सालच्या सुमारास अमरावतीला माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, लघवीतून एका सकाळी रक्त गेलं. दुसऱ्या दिवशी थांबलं, आम्ही विसरलो. एका लग्नाच्या पंगतीत मामांना कळलं, तसा हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"दुखलं का बे?"

"बिलकूल नाही," दादा हसत म्हणाला.

"दुखलं असतं तं मी जेवलो असतो. न दुखता रक्त जाते थेच वाईट. उद्या अकोल्याले ये."

दुसऱ्या दिवशी दादाबरोबर मीही गेलो. खोली बंद करून मामा सूक्ष्मदर्शकावर वाकले. बऱ्याच वेळानं पुटपुटले, "दिसले. लपून बसले होते." मग दादाकडे वळून इतक्या मऊपणे "बसा दादासाहेब" म्हणाले, की दादाआधी मीच खुर्चीत बसलो.

मुंबईला मूत्राशयातली कॅन्सरची गाठ काढली. सुटलो, असं आम्हाला वाटलं. मामांना नाही. "थो परत येते. त्याले घर माहीत हाय." म्हणून दादा दर काही महिन्यांनी अकोल्याला जाई, आणि मामा त्याच्या लघवीतल्या पेशींत कॅन्सर शोधत बसत. एकदा खरंच सापडला. दादाला काही जाणवतसुद्धा नव्हतं. गाठ डाळीच्या दाण्याएवढी होती. तीही निघाली.

पुढे एकदा तपासणी स्वच्छ आली, तेव्हा दादानं स्वतः भिंगातून पाहिलं. निळसर उजेडात गोल ठिपके निश्चल पडले होते.

"हे मी?"

"तुह्यातले, चांगले. आता मेले."

दादा बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, तुम्हाला इथं एकटं नाही वाटत?"

"नव्हतं वाटत," मामा म्हणाले. "तू इचारलं, आता वाटून राहिलं."

त्यांनी दिवा मालवला, कोट चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला पोचवायला बसस्टँडवर आले. बस हलल्यावरही बराच वेळ ते धुळीत तसेच उभे होते.