पुसलेल्या काचांची मोजणी

महापालिकेच्या दिवाबत्ती खात्यात ती उजेड मोजायची. खांबाखाली पुरेसा उजेड पडतो का, हे बघण्यात तिची बावीस वर्षं गेली. आता खात्याने उलटं काम काढलं होतं: लोकांच्या घरात नको तितका उजेड शिरतो का, ते बघायचं. कोणीच तयार होईना, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. साहेबांना वाटलं, बाई चार आकडे लिहील आणि गप्प बसेल. माणसं ओळखण्यात साहेबांची नेहमीच अशी गल्लत व्हायची.

चौकात चार मजले उंच जाहिरातीची स्क्रीन लागली होती. त्या स्क्रीनसमोरच्याच इमारतीत तिचा थोरला भाऊ राहायचा. दादा बस चालवायचा, पहाटे चारची पहिली फेरी त्याची. म्हणजे संध्याकाळी आठला त्याचा डोळा लागायलाच हवा. आणि नेमकी तेव्हाच समोर साबणाच्या जाहिरातीतली बाई बत्तीस दात दाखवत हसायची, दादाच्या उशीवर उजेड नाचायचा. महिन्यापूर्वी स्टिअरिंगवर त्याला डुलकी लागली आणि बस दुभाजकाला घासली. कोणाला खरचटलंही नाही, पण डेपोने लेखी बजावलं: पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेऊ.

‘जाड पडदे लावा,’ स्क्रीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला होता. एक खोली, तिला एकच खिडकी, ती कापडाने बुजवायची आणि आत उकडून निघायचं, असा त्याचा फुकटचा सल्ला.

नियम साधा होता. खिडकीची काच बंद करायची, आतून मीटर काचेला टेकवायचं. उजेड मोजायचं माप लक्स; आकडा दहा लक्सच्या वर गेला, तर कंपनीने आठनंतर स्क्रीन मंद करायची. तिने इमारतीतल्या एकतीस खिडक्या मोजल्या. सगळ्या दहाच्या वर. दादाची दहा पूर्णांक आठ. अहवाल देऊन ती खुशीत घरी गेली.

आठवड्याने इंजिनिअरने तो अहवाल तिच्याच टेबलावर आपटला. प्रत्येक काचेवर त्याला तळहाताएवढा स्वच्छ गोल सापडला होता. मीटर टेकवण्याआधी ती काच पुसायची, आतून आणि हात बाहेर घालून बाहेरूनही. दिव्याची काच पुसल्याशिवाय उजेड मोजायचा नाही, ही बावीस वर्षांची सवय. आणि नव्या नियमात चक्क लिहिलं होतं, ‘काच जशी असेल तशी.’ चूक तिचीच होती. ती स्वतःवर इतकी चिडली, की दुपारचा डबा तिने तसाच परत नेला.

फेरमोजणी ठरली. काचांवर पुन्हा धूळ बसेपर्यंत, तीन आठवडे, कोणी फडकं लावायचं नाही.

“तीन आठवडे काचा पुसायच्या नाहीत?” वहिनी म्हणाली. “वन्सं, तुमच्या खात्याने पहिल्यांदाच माझ्या सोयीचं काहीतरी काढलं बघा.”

फेरमोजणीला इंजिनिअर तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. एकूण एक खिडकी दहाच्या आत आली. दादाची नऊ पूर्णांक तीन. इंजिनिअर फोन घ्यायला जिन्यात गेला, तसा दादा हळूच म्हणाला, “एवढा एक आकडा इकडचा तिकडे केलास तर कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल. आणि त्यांना कळलं, तर यापुढे माझा एकही आकडा कोणी मानणार नाही.”

“मग मी गाडी सोडू?”

“तुझ्या गाडीला कोणी हात तर लावू दे, मग बघते मी.”

तिने नऊ पूर्णांक तीन लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मात्र ती खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसली. हे दहा लक्स आले कुठून, एवढंच तिला बघायचं होतं. चार दिवस फायली उपसल्यावर तिला हवं ते पान मिळालं. मग तिने दादाच्या नावाने त्या नियमाविरुद्धच तक्रार टाकली, आणि सुनावणीच्या दिवशी रजा काढून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“बाई, खिडकी नियमात बसते असं तुम्हीच लिहिलंय,” सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

“हो. माझा आकडा बरोबर आहे. तुमचा चुकलाय.”

मागे साहेब खाकरले. तिने वळूनही पाहिलं नाही. पान तिने टेबलावर ठेवलं. “नियम लिहिणाऱ्याने दहा लक्स इथून उचललेत. हा फूटपाथच्या दिव्यांचा कागद आहे. चालणाऱ्याला खड्डा दिसावा म्हणून खांबाखाली निदान दहा लक्स हवेत, असं यात लिहिलंय. माझा भाऊ फूटपाथवर झोपत नाही.”

इंजिनिअरने पान उलटंसुलटं करून पाहिलं.

“भाऊ तुमचा, म्हणून हे सगळं चाललंय,” साहेब म्हणाले.

“भाऊ माझाच आहे. त्याच्या बसमध्ये बसणारी माणसं सगळ्यांची आहेत.”

अधिकाऱ्यांनी पान दोनदा वाचलं. नवा आकडा ठरेपर्यंत स्क्रीन आठला बंद, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं. दादाने तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

रेकॉर्ड रूमच्या कारकुनाने साहेबांच्या कानावर सगळं आधीच घातलं होतं. दारातच त्यांनी तिच्या हातात चौकशीची नोटीस ठेवली: परवानगीशिवाय फाईलमधलं पान बाहेर काढलं. तिने ती उभ्या उभ्या वाचली आणि साहेबांच्याच खिशातलं पेन मागून घेऊन सही केली.

“काढलं खरं,” ती म्हणाली. “आणि उद्या पुन्हा जाणार आहे. हॉस्पिटलच्या खिडक्यांचा आकडा कुठून उचललाय, ते बघायचं राहिलंय.”