लहान वाटा

औंढ्याच्या रानात मेंढ्या घेऊन फिरणारी सात बिऱ्हाडं होती, आणि त्यांच्यात मटणाचे वाटे घालावेत ते नामाजीनंच. पळसाच्या पानांवर सात ढीग, प्रत्येकात हाड, चरबी, कलेजीचा तुकडा. रीत अशी, की वाटे घालणारानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. माणूस मुळात हावरट, मोठा ढीग आधी जाणार आणि उरलंसुरलं आपल्याला, असं नामाजी धरूनच चालायचा. उरलंसुरलं घेण्याचा त्याला भारी तोरा होता. आणि तोऱ्यातला माणूस कडकही होतो. पंचफुलाबाईनं आजारी नवऱ्यासाठी एकदा सगळी कलेजी मागितली, तर यानं साफ नाही म्हटलं. नवरा पुढं वारला. ती अकरा मेंढ्यांवर तळाबरोबरच राहिली.

१९९८च्या उन्हाळ्यात तळ शिरड शहापूरजवळ पडला होता. नामाजीची लेक शिवकन्या पहिलटकरीण. रक्त फार कमी आहे, असं नर्सबाईंनी सांगितलेलं. त्याच आठवड्यात पाय मोडलेला मेंढा कापावा लागला आणि बापाची नियत फिरली. कलेजी किडकी निघाली, फेकून दिली, असं त्यानं सांगितलं, आणि अख्खी कलेजी एका बारक्या ढिगाखाली दडवली. तो ढीग कोण उचलतंय?

पंचफुलाबाईनं उचलला.

"बाई, तो ल्हान हाय. दुसरा घ्या," नामाजी म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ऱ्हाऊ द्या. माज्या मेंढ्या कमी, त्याबी वळायची तकलीफ तुमालाच. मालक गेल्यापून मी ल्हानच उचलत असते."

सात वर्षं लहान वाटा ती खात होती आणि मिशीला पीळ हा देत होता. नामाजीला स्वतःची लाज वाटली.

दिवस कलताना ती झाकलेलं भगुणं घेऊन आली. "शिवकन्याला द्या. किडकी न्हाई, बगितली मी."

"काहून देता? तुमच्या येळंला मी दिली न्हाई."

"म्हून तर मला ठावं हाय, न्हाई म्हनल्यावर कसं वाटतं ते."

लेकीला खाऊ घालून नामाजीनं त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. कुणी शिवी दिली नाही. पुढं महिनाभर त्याला 'किडकी कलेजी' म्हणून चिडवलं, आणि वाटे घालायची सुरी म्हाताऱ्या तातेरावाकडं गेली.

पुढच्या खेपेला तातेरावानं वाटे घातले. आता नामाजीला आधी उचलायची मोकळीक होती. तो सरळ सगळ्यांत बारक्या ढिगाकडं गेला. पानाला पंचफुलाबाईनं आधीच हात घातला होता.

"सोडा, बाई."

"तुमी सोडा."

दोघंही सोडेनात. बाकीची माणसं ताटकळत उभी राहिली.