नवऱ्याच्या व्हिसावरची बाई

नाझिया आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली तेव्हा स्टाफरूममध्ये थोडी कुजबुज झाली होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली पोरगी, ही इंग्रजी काय शिकवणार? मी मराठीची बाई, मला त्या कुजबुजीत पडायचं नव्हतं. तिची खुर्ची माझ्या शेजारी आली आणि महिन्याभरात ती मला मालनताई म्हणायला लागली.

तिच्या तासाला आवाज फार व्हायचा. ती आठवीच्या वर्गात आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचा धक्काच उभा करायची. एकाने सुरमई विकायची, बाकीच्यांनी बोली लावायची, आणि सगळी घासाघीस इंग्रजीतच. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, काय गोंधळ चाललाय हा?" ती म्हणाली, "सर, लिलाव चाललाय. संपत आला." सर हसले नाहीत, पण परतही आले नाहीत. त्या वर्षीची पोरं रस्त्यात भेटली तर अजून माझ्याशीसुद्धा मुद्दाम दोन वाक्यं इंग्रजीत बोलतात.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. मिरकरवाड्यातल्या होडेकरांचा फहाद. तो कतारमध्ये दोह्याला एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचा. हळू आवाजात बोलणारा माणूस. लग्नानंतर त्याने फॅमिली व्हिसा काढला आणि तिला नेलं. पुढच्या वर्षी मुलगी झाली, आयात नाव ठेवलं, आणि ती नर्सरीत जायला लागल्यावर नाझियाने तिथल्या एका भारतीय शाळेत अर्ज केला.

मुलाखतीची गोष्ट तिने मला फोनवर सांगितली होती, तेव्हा हसत हसत. प्रिन्सिपल आपल्याकडचेच, दक्षिणेतले. त्यांनी व्याकरण विचारलं नाही, वर्ग कसा घेता ते विचारलं नाही. पहिला प्रश्न, "व्हिसा कुणाचा?"

"मिस्टरांचा."

"उत्तम," ते म्हणाले, आणि नोकरी पक्की झाली.

उत्तम का, ते तिला पुढे कळलं. त्या शाळेत दोन तऱ्हेच्या बाया होत्या. एक शाळेच्या व्हिसावरच्या. त्यांना राहायला जागा, वर्षाला घरी जायचं तिकीट, दवापाण्याचा विमा. दुसऱ्या नवऱ्याच्या व्हिसावरच्या. त्यांना नुसता पगार, तोही निम्म्याहून थोडा वर. राहायला नवऱ्याचं घर आहे, तिकीट नवऱ्याची कंपनी देते, मग शाळेने कशाला द्यायचं? शिवाय त्यांचा करार उन्हाळ्याच्या सुट्टीआधी संपवायचा आणि शाळा उघडली की नवा करायचा. म्हणजे सुट्टीचा पगार नाही, आणि नोकरी सोडताना मिळते ती रक्कमही नाही. वर्ग तेच, वह्या तेवढ्याच.

तिथे चिपळूणकडची शमिका नावाची तिची मैत्रीण होती. ती शाळेच्या व्हिसावर. एका फ्लॅटमध्ये पाचजणी, फ्रीजमध्ये प्रत्येकीचा एक कप्पा, पाहुणा आणायचा नाही. नाझिया तिला एकदा म्हणाली, "तुझं बरं आहे गो, सगळं मिळतं." शमिका म्हणाली, "तुझ्याकडे नवरा आहे. माझ्याकडे तिकीट आहे. बदलतेस?"

दोह्यात एकूण सात वर्षं गेली, आणि मला वाटतं बरी गेली. फहादला जास्त बोलायला आवडायचं नाही, पण शुक्रवारी तो मासे स्वतः साफ करायचा, कारण तिथल्या दुकानातले साफ करणारे त्याच्या मते मासा खराब करत. आयात घरात आमच्याकडची बोली बोले आणि बाहेर इंग्रजी. विश्वचषकाची बांधकामं संपली तशी कंपनीने माणसं कमी करायला सुरुवात केली. फहादची नोकरी राहिली, पण तिघांचं काम एकट्याच्या अंगावर आलं. तो चाळिशीलाही पोचला नव्हता. स्टोअरमध्ये गोण्या मोजताना दुपारी तो खाली बसला, शेजारच्याला म्हणाला, पाणी दे, आणि पाणी यायच्या आत गेला.

नाझिया तेव्हा सहावीच्या वर्गावर होती. शिपाई बोलवायला आला. तिला वाटलं, आयातला ताप आला असेल, म्हणून ती फळ्यावरचं वाक्य पुरं करून बाहेर आली. ते वाक्य पुरं केल्याचं तिला फार लागलं होतं. "दोन मिनिटं आधी गेले असते तरी काय होणार होतं?" असं ती स्वतःलाच विचारायची.

मयत इकडे आणायचं तर आधी फहादचा व्हिसा रद्द करावा लागणार होता. कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस, तिकडे त्याला मंदूब म्हणतात, घरी आला. चांगला होता, बसायला सांगितलं तरी बसला नाही. म्हणाला, "मॅडम, त्यांचा रद्द झाला की तुमचा आणि मुलीचाही होईल."

"पण मी इथे नोकरी करते. सात वर्षं इथे राहते."

तो म्हणाला, "मॅडम, नोकरी तुमची आहे. राहणं त्यांचं होतं."

प्रिन्सिपलना ती भेटली. त्यांनाही वाईट वाटलं होतं, खोटं नव्हतं ते. शाळा तिला आपल्या व्हिसावर घ्यायला तयार होती. पण नव्या बाईच्या पगारावर, चौघींच्या खोलीत, एकटीला. मुलीला ठेवता येणार नाही. आणि महिन्याच्या आत हजर व्हायला हवं, परीक्षा तोंडावर आहेत.

ती पेटीबरोबर आली. मुंबईहून गाडीने रत्नागिरी. मी मिरकरवाड्यात गेले तेव्हा दफन झालेलं होतं. बर्फाच्या गाड्या नेहमीसारख्या धक्क्याकडे जात होत्या आणि होडेकरांच्या पुढच्या खोलीत बाया दाटीने बसलेल्या. नाझियाने मला बघितलं आणि म्हणाली, "मालनताई, आयातला भूक लागली असेल." तेवढंच.

नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं, त्याला इद्दत म्हणतात. शाळेची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. तिची सासू, कुलसुमचाची, या गोष्टीवर बोलायलाच तयार नव्हती. सासरे अयूबचाचा जन्मभर जहाजावर काम केलेले. ते बाहेरच्या ओट्यावर बसून असत. एकदा मी निघताना ते हळूच म्हणाले, "बाई, तिला काय वाटता, ता कोण विचारीत नाय."

म्हणून मी विचारलं. ती आतल्या खोलीत आयातचे केस विंचरत होती. म्हणाली, "मला बसायचंच आहे. माझा नवरा गेलाय, मी नको का बसू? पण ताई, मला रडायला किती दिवस लागतील ते मी शाळेला विचारायचं?"

प्रिन्सिपलचा शेवटचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती इंग्रजीत बोलत होती, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून, मुलाखतीत बोलावं तशी. इद्दत म्हणजे काय ते तिने त्यांना समजावून सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी ती "थँक यू, सर" म्हणाली. फोन ठेवून आयातच्या दुसऱ्या वेणीला हात घातला. तिच्या जागी दुसरी बाई आली. तीही नवऱ्याच्या व्हिसावरची, शमिकाने कळवलं.

फहादच्या कंपनीचे जे पैसे आले त्यात घराच्या छपराचं काम झालं. जूनमध्ये नाझिया आमच्या शाळेत परत आली. पण तिची जुनी जागा आता नव्हती. तासिका तत्त्वावर घेतलं. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टी असली की काही नाही. पावसात शाळा बंद राहिली की बाकीचे शिक्षक खूश व्हायचे. ती खिडकीतून बाहेर बघत बसायची.

आयातलाही आमच्याच शाळेत घातलं होतं. पहिल्या दिवशी वर्गात तिने इंग्रजीत पाणी प्यायला जायची परवानगी मागितली, आणि पोरं दिवसभर तिच्या मागे "मॅडम आली, मॅडम आली" करत फिरली. आठवडाभराने तिने इंग्रजी बोलणं सोडलं. आईशीसुद्धा. नाझिया इंग्रजीत विचारायची, ती मिरकरवाड्याच्या बोलीत उत्तर द्यायची. एकदा माझ्यासमोर नाझिया चिडली, "नीट बोल!" आयात म्हणाली, "मी नीटच बोलतंय."

नाझियाने बाहेरच्या नोकऱ्यांसाठी अर्ज सुरू केले. मुलाखती मोबाइलवर व्हायच्या. घरात बर्फाच्या गाड्यांचा आवाज, म्हणून ती शाळेच्या प्रयोगशाळेत बसायची, मागे पांढरी भिंत येईल अशी. एकाने नवऱ्याचं संमतीपत्र मागितलं. ती म्हणाली, वारले. मग वडिलांचं आणा म्हणाला. वडील तर तिच्या लग्नाआधीच गेलेले. "मग कोण आहे?" त्याने विचारलं. मुंबईतला एक एजंट जरा स्पष्ट होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा अनुभव चांगला आहे. पण सात वर्षं तुम्ही त्यांच्या कागदावर गृहिणी होता. आणि एकट्या बाईला मुलीसकट कुणी घेत नाही. एकट्या जाणार असाल तर सांगा."

पहिल्यांदा तिने नाही सांगितलं. दुसऱ्यांदाही. मग परत आल्यावर तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ओमानमधल्या लहानशा गावातल्या शाळेचा निरोप आला. स्वतःचा व्हिसा, दोघींत एक खोली, वर्षाला एक तिकीट. पगार दोह्यापेक्षा बरा. मुलगी नाही. एक वर्ष नीट काम केलंत तर बघू, असं तोंडी.

त्या संध्याकाळी होडेकरांकडे मला बोलावून घेतलं होतं, का ते मला कळलं नाही. बहुतेक परक्या माणसासमोर आवाज चढू नयेत म्हणून. तरी चढलेच. कुलसुमचाची म्हणाल्या, "बाप गेला, आता आईपण घालव त्या पोरीची!"

अयूबचाचा बोलले. "मी सगळी जिंदगी जहाजावर काढली. फहाद जन्मला, चालाया लागला, ता मला पत्रातून कळला. तेव्हा कोण नाय म्हणाला मला, की पोराचा बाप घालवतोस."

"तुमची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

कुलसुमचाची म्हणाल्या, "तुमी गेलात तेव्हा मी होते घरात."

"आतापण तूच हायस," चाचा म्हणाले.

मग त्या रडायला लागल्या, आणि त्यातच ठरलं. आयात आतल्या दाराशी उभी होती. नाझियाने तिला जवळ घेऊन सांगितलं, एक वर्ष, मग तुला नेते. आयातने विचारलं, "तिकडे पप्पांची कबर नसेल ना?" नाझिया म्हणाली, नाही, ती इथे आहे. "मग मी हितंच ऱ्हाते," आयात म्हणाली. यात रुसवा नव्हता. तिने विचार करून सांगितलं होतं.

पहिलं वर्ष नाझियाने कसं काढलं ते ती फारसं सांगत नाही. सोबतची बाई केरळची, अबोल. गावात संध्याकाळी बायकांनी एकटीने फिरायची पद्धत नाही, म्हणून शाळा ते खोली. रोज ठरल्या वेळी फोन करायची. आधी आयात पळत यायची, मग आजीने हाक मारल्यावर यायची, मग "अभ्यास करतंय म्हणून सांग" असं आतूनच ओरडायची. वर्षाच्या शेवटी तिने मुलीचं विचारलं. शाळा म्हणाली, आमची हरकत नाही. पण कुटुंब आणायला जेवढा पगार लागतो तेवढा तुमचा नाही. आणि तेवढा आम्ही देऊ शकत नाही.

गेल्या जून-जुलैत ती आली होती. आयातसाठी रंगपेट्या, चॉकलेटं, एक गुलाबी घड्याळ. आयातने सगळं घेतलं, थँक यू म्हणाली आणि झोपायला आजीजवळ गेली. पहिले काही दिवस नाझिया हसून सांगायची, सवय आहे तिला. मग सांगायची बंद झाली.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी भाट्याला गेलो. भरती होती, पाणी गढूळ, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. तिने पुढच्या दोन वर्षांचा करार केला होता.

"इथेच राहा ना," मी म्हटलं. "तास वाढवून देतील. मी बोलते सरांशी."

"ताई, इथे मी तासिका आहे. तिथे निदान बाई आहे. माझ्या नावावर आहे तो व्हिसा, कुणी मेलं तरी जाणार नाही." मग म्हणाली, "आणि मी राहिले तरी ती आता माझ्याकडे येईल असं वाटत नाही मला. सहा वर्षांनी तिच्या कॉलेजला पैसे लागतील. तेवढं तरी माझ्याकडून जाऊ दे."

मी खोटं काही बोलले नाही. वारा एवढा होता, की ती रडत असली तरी मला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. अयूबचाचा स्टेशनवर सोडायला गेले. आयातला शाळा बुडवायची नव्हती. ती पाचवीत आली आहे, म्हणजे आता मराठीला माझ्याकडे. तिसऱ्या तासाला मी वर्गात गेले तर ती नेहमीच्या जागी, दुसऱ्या बाकावर, पुस्तक उघडून बसलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. धडा वाचायला कोण उठतंय विचारलं, तर तिनेच हात वर केला.

उभी राहिली आणि वाचायला लागली. सुरेख वाचते. कुठे अडखळली नाही, कुठे आवाज कापला नाही. मी मुद्दाम तिला थांबवलं नाही. पानामागून पान ती वाचत गेली, आणि घंटा झाली तेव्हा पुस्तक मिटून खाली बसली.