बेबाबाईची गाडी रेस घेईना

मला माणसांपेक्षा गाड्यांचा राग जास्त येतो. माणूस खोटं बोलताना निदान नजर तरी चोरतो, गाडीला तेवढीही लाज नाही. आणि बेबाबाईच्या पिकअपने तर माझं डोकं पार आउट केलं होतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवचा उन्हाळा असेल. नशिराबादला हायवेवर माझं गॅरेज होतं. बेबाबाई तापीकाठच्या एका गावची, लेवा पाटलांच्या घरची सून. नवरा चुडामण वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, म्हणून नदीकडच्या मळ्यातली केळी वर सडकेवरच्या ट्रकपर्यंत आणायचं काम तिने अंगावर घेतलं. आधी ट्रॅक्टर शिकली, मग ही डिझेलची पिकअप. पदर दातात धरून गिअर टाकायची. गावाचे डोळे फाटले, पण बाई चालवायची झकास.

दुखणं एकच. मळ्यातून वर येताना मोठा चढ आहे. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल घळ. भरलेली गाडी त्या चढावर अर्ध्यात दम सोडायची. पाय कितीही दाबा, इंजिन रेस घेईना, आणि गाडी मागे सरकायला लागायची. गड्यांनी धावत येऊन चाकामागे धोंडे टाकले म्हणून आजवर निभावलं.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? फिल्टर बदलले, डिझेलच्या नळीत अडकलेली एअर काढली, रेसची वायर नवी टाकली, डिझेल पंप जळगावला नेऊन तपासून आणला. गॅरेजात गाडी अशी पळायची की जशी सासुरवाडीला निघाली आहे. तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, जीवराम नाना चालवायचे तेव्हाही मुकाट चढायची. मग काय, गावाला आयतं उत्तर सापडलं. बाईच्या पायात जोर नाही म्हणे! नानांनी निकाल देऊन टाकला की पुन्हा अडकली तर किल्ली त्यांच्याकडे, आणि घरातल्या बाईने नंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

बेबाबाई माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "कौतिकभाऊ, आज तुमी माझ्याजोडी बसा. एकदा किल्ली गेली तं मले कोनी परत देनार नाही."

मळ्यात जाऊन मी तिच्याशेजारी बसलो. दुपारचं ऊन, मागे घडांची थप्पी, धोंडे घेऊन पायी चालणारे दोन गडी, आणि वर चढाच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे असलेले नाना. निघण्याआधी तिने नदीच्या पाण्यात एक गोणपाट भिजवलं, घडी घातली आणि पायाखाली टाकलं. माझं तिकडे लक्षही नव्हतं. माझे कान इंजिनाला लागले होते.

अर्ध्या चढापर्यंत सुरळीत. मग आवाज बसला. "दाब!" मी ओरडलो. "दाबलाय!" तीही ओरडली. गाडी थांबली आणि मागे घसरली. तिने दोन्ही ब्रेक लावले, गड्यांनी धोंडे टाकले, तरी मागचं चाक घळीपासून हातभरावर येऊन थांबलं. दार उघडून उडी मारावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण बाई ब्रेकवर उभी, मग मी कुठे जाणार?

"धोंडे आहेत, हँडब्रेक राहू दे. आता रेस दाब," म्हणालो आणि खाली वाकलो. तिने पाय पूर्ण दाबला. पण रेसचं पेडल अर्ध्यातच अडकलं होतं, कारण टाचेच्या जोराने ते ओलं गोणपाट पुढे सरकून पेडलखाली गोळा झालं होतं.

"अगं बाई, हे मला आजवर कधीच कसं दिसलं नाही?"

"तुमच्याकडे आनताना मी गाडी धुऊनपुसून आनते ना. तसली घान मिस्तरीकडे न्यायची का?"

मी कपाळावर हात मारला. "पण टाकतेस काहून?"

"पत्रा तापते भाऊ. पाय भाजते."

"मग चपला घाल ना!"

ती म्हणाली, "गाडी घरची लक्ष्मी हाये. बाईमानसानं चपला घालून चढायचं नाही, असं नानांनी सांगितलं."

आणि नाना स्वतः? पायात बूट! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी गोणपाट ओढून घळीत भिरकावलं. तिने उघडा पाय तापल्या पत्र्यावर टेकवला, ओठ आवळले, क्लच सोडला. क्षणभर गाडी मागे की पुढे कळेना. मग इंजिनाने असा गळा काढला की मागचे गडीच ओरडायला लागले. थेट वर. ती खाली उतरली तेव्हा भाजलेला पाय तिला जमिनीवर धड टेकवत नव्हता.

"मधी काहून थांबली?" नानांनी हात पुढे केला. "किल्ली."

वायर तुटली होती असं ठोकून द्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण बाईने मला थांबवलं. जेठाशी ती कधी समोरासमोर बोलत नसे. पदर पुढे ओढून, तोंड फिरवून म्हणाली, "मिस्तरी, नानांना म्हना, माझं गोनपाट अडकलं होतं. किल्ली गाडीलेच हाये, घ्या. फक्त बूट काढून बसा. लक्ष्मी हाये ती."

नाना तिथेच उभे होते, सगळं ऐकत होते. तरी मी शब्दन् शब्द मोठ्याने पुन्हा सांगितला. मजा आली, खरंच!

गडी बघत होते, ट्रकवाला बघत होता. नानांना माघार घेता येईना. बूट काढले, आत चढले, पाय टेकवला आणि झटक्यात वर घेतला. दुसरा टेकवून पाहिला. मग बराच वेळ दोन्ही पाय अधांतरी धरून नाना समोरच्या काचेतून नदीकडे बघत बसले. कोणी हसलं नाही.

खाली उतरून बूट घालताना त्यांनी मान वर केली नाही.

"मिस्तरी," नाना म्हणाले, "तिले म्हना, चपला घालून चालव."